लोखंड न लागलेला हात

सोलापूर
२४ सप्टेंबर २०२४

ती. दादा,

ही चिठ्ठी मथुरा वहिनी तुला वाचून दाखवणार, कारण चौथीनंतर तू पुस्तकाला शिवला नाहीस. म्हणून आधी त्यांनाच सांगते. वहिनी, मधलं काही गाळू नका. तो उठून मेंढरांकडं चालायला लागला तर मागोमाग जाऊन वाचा. तुम्ही माझ्या मामाची पोर, म्हणून एवढं तरी करा.

फोन केला होता. सकाळी केला तर "देव्हाऱ्यात हायती", संध्याकाळी केला तरी "देव्हाऱ्यात हायती". एवढा वेळ समोर बसल्यावर देवालाही कंटाळा येत असेल. असो. वाडीतला आपला श्रीमंत शेरडं घेऊन इकडच्या बाजाराला येतो, त्याच्याजवळ चिठ्ठी देतेय. त्याला चहाबरोबर भजीही चारलीत, तेव्हा ती पोचणार.

भांडण उकरायला लिहीत नाही. पण मागचं बोलल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. माझा ऋतुराज पांढरा पडत चालला, तेव्हा मी त्याला घेऊन वाडीला आले. तुझ्या अंगात बिरोबा आला आणि तुझ्या तोंडून सांगणं झालं, की पाच रविवार अंगारा लावा, पोर उठून खेळंल. मी लावला. माझाही विश्वास होता. तिसरा रविवार यायच्या आत माझं पोर गेलं. मग मी भर देवळात ओरडले, की तुझा देव बहिरा आहे. आणि तू म्हणालास, "ह्या उंबऱ्यावर परत पाय ठिवू नगंस." मी ठेवला नाही. त्याला आता नऊ वर्षं होतील.

तुला भाची आहे, दादा. सृष्टी. सात वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत आणि तरी शिट्टी वाजवता येते. तिलाही तेच आहे जे ऋतुराजला होतं, फक्त आता आम्हाला त्याचं नाव माहीत आहे. थॅलसेमिया. तिच्या अंगात रक्त टिकत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घालावं लागतं. घातलं की आठ-दहा दिवस सगळी चाळ डोक्यावर घेते. मग हळूहळू कोमेजते, आणि आम्ही परत पिशवीच्या मागं लागतो. तिचा रक्तगट दुर्मिळ आहे, शंभरात एखाद-दुसऱ्याचा.

आजवर माणसांनी भागवलं. ह्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात शिवप्पा म्हणून आहेत, अक्कलकोटकडचे. सृष्टीची पहिली पिशवी त्यांची होती आणि त्यानंतर किती झाल्या ते त्यांनाही आठवत नसेल. वर चहासुद्धा घेत नाहीत. म्हणतात, दिल्यावर घेतलं तर ते देणं कसलं. त्यांना यंदा कावीळ झाली. आता त्यांचं रक्त चालत नाही. दुसरे एक गुरुजी होते, त्यांची बदली झाली. आणि आता हा पितृपंधरवडा. ह्यात शिबिरं होत नाहीत. पाठोपाठ घट बसतील, मग लोकांना उपास. रक्तपेढीतल्या बाई रोज मला बघून मान हलवतात. पुण्याहून एक पिशवी यायची होती, ती तिथल्याच एका बाळंतिणीला लागली. त्या बाईला तरी मी काय म्हणू?

लोक देत नाहीत असं नाही रे. वॉर्डात केळी एवढी वाटली जातात, की सृष्टी परवा म्हणाली, "आई, केळ्यात रक्त असतं का?" कुणाचा वाढदिवस असला की केळी आणि फोटो. आपल्या बिरोबाला गेल्या साली चांदीचा घोडा आला म्हणे. मेंढे येतात, घोंगडी येतात, पोती भरून भंडारा येतो. तू मागितलंस म्हणून येतं. म्हणजे, देव मागतो म्हणून.

आता मागणं सांगते. दसऱ्याला ढोल थांबतात, तू थरथरायला लागतोस आणि वर्षाची भाकणूक सांगतोस. पाऊस कुठं पडेल, मेंढरांवर काय रोग येईल. माळशिरसपासून म्हसवडपर्यंतची माणसं तुझ्या तोंडाकडं बघत असतात. त्यात एक वाक्य घाल. बिरोबाला यंदा रक्ताचं दान पाहिजे, म्हण. बकऱ्याचं नको, माणसाचं, आणि तेही पिशवीतलं. शाळेपाशी रक्तपेढीची गाडी आणून उभी करायचं काम आमचं. एवढ्या माणसांत माझ्या पोरीच्या गटाचं कुणीतरी निघेलच.

मी देवाला बहिरा म्हणाले होते. तो खरंच बहिरा निघाला तरी काय बिघडतं? तू तरी ऐक.

तुझी,
सोनी


सोलापूर
२ ऑक्टोबर २०२४

ती. दादा,

श्रीमंतनं निरोप आणला. "म्हणलेत, देवाच्या तोंडात माणसानं शबुद घालायचा न्हाय. घातला तर देव कायमचा मुका हुतो." मी विचारलं, आणखी काय? "आनिक काय न्हाय. मग ही दिली." आणि त्यानं पिशवीतून आबांची काळी घोंगडी काढली. वर भंडाऱ्याची पुडी.

घोंगडी सृष्टीला घातलीय. तिला थंडी वाजते, ह्या उकाड्यात. भंडारा मात्र मी फडताळात वरच्या खणात ठेवला. टाकला नाही, आणि लावलाही नाही. दिवसभर भांड्यांवर राग काढला. मग रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता मनात आलं, की तुझं बरोबर आहे. खोटी भाकणूक सांगितली असतीस, तर ऋतुराजच्या वेळचीही खोटीच होती असं मला वाटलं असतं. ती तुला खरीच वाटली होती, एवढं मला आज कळतं. त्यानं माझं पोर परत येत नाही, पण कळतं.

तेव्हा देवाला आपण सोडून देऊ. मी आता तुला मागते.

सृष्टीचा गट ओ निगेटिव्ह आहे. आपल्या आईचा तोच होता, तिच्या पोटाच्या ऑपरेशनला कळलं होतं. माझाही तोच. मी कधीच दिलं असतं, पण माझंच रक्त कमी आहे, माझं घेत नाहीत. ह्यांचा गट वेगळा. राहिलास तू. तुझा गट कुणालाच ठाऊक नाही, कारण तुझ्या अंगातून आजवर रक्ताचा थेंब कुणी काढलेला नाही.

काल इथल्या डॉक्टरीणबाईंना मी म्हणाले, की एक भाऊ आहे पण तो देवाचं झाड आहे. त्या हसल्या. झाड म्हणजे काय? मी सांगितलं, आमच्यात ज्याच्या अंगात देव येऊन बोलतो तो माणूस म्हणजे देवाचं झाड. त्याच्या कातडीत लोखंड शिरलं की देव उतरतो, आणि उतरला की त्या झाडावर परत येत नाही. म्हणून तो दाढीसुद्धा करत नाही. घट बसल्यावर तर त्याची बायकोही विळीला हात लावत नाही, भाजी हातानं मोडते, फाटलं तरी सुई घेत नाही. त्या हसायच्या थांबल्या. "मग तुम्ही त्यांना फार मोठं काहीतरी मागताय," असं म्हणाल्या. मी म्हणाले, हो.

आबांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता ते मला आठवतं. दवाखान्यात सुई घेतली असती तर आजही मेंढरांमागं फिरले असते. घेतली नाही. धनुर्वातानं गेले आणि त्यांची काठी तुझ्या हातात आली. तुला मिसरूडही फुटलं नव्हतं.

पण त्याच्याही आधीचं एक तुला आठवतं का बघ. शाळेत टोचणाऱ्या नर्सबाई आल्या होत्या. आबांनी सकाळीच बजावलं होतं, की अजिनाथला टोचायचं नाही, तो झाड व्हायचा आहे. मास्तर काही ऐकेनात. तू पळून मेंढरांत जाऊन पालथा पडलास. आणि मी, एवढीशी, रांगेत उभी राहून डाव्या दंडावर माझी सुई घेतली, मग तुझा फेटा गुंडाळून परत मागं उभी राहिले आणि उजव्या दंडावर तुझी घेतली. नर्सबाईंनी तुझ्या नावापुढं खूण केली. दोन दिवस मी तापानं फणफणले आणि तू माझ्या उशाशी बसून कैऱ्या चोरून आणून देत होतास.

तुझ्या नावाची एक सुई मी घेतलेली आहे, दादा. आजवर कधी बोलले नाही. आज बोलते, कारण माझ्याकडं दुसरं काही उरलं नाही.

सोनी


सोलापूर
६ ऑक्टोबर २०२४

दादा,

आज मोठं लिहीत नाही.

काल शहरात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर होतं. एकच शिबिर, तेही घटात, म्हणून हे पहाटेपासून तिथं जाऊन उभे होते. माणसं आली, पिशव्या भरल्या, प्रत्येकाला एक हेल्मेट मिळालं. आपल्या गटाचं एकही नाही. हे घरी आले आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून झोपले. मी त्यांना ओरडले. त्यांच्यावर ओरडून काय उपयोग? पण ओरडले.

सृष्टी शिट्टी वाजवत नाही आता. दम पुरत नाही. दारापासून मोरीपर्यंत गेली तरी भिंतीला धरून थांबते. काल विचारत होती, "ऋतुराजदादा असाच थांबायचा का?" मी म्हणाले, नाही, तो वेगळा होता. खोटं बोलले. ऋतुराज अगदी असाच थांबायचा. ओठ असेच पांढरे होते. डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदयावर ताण येतोय, आता वाट बघण्यात अर्थ नाही, आणि वाट बघण्याशिवाय त्यांच्याही हातात काही नाही.

मी फोनवरून मिळेल त्याला विचारते. ओळखीचे, अनोळखी. काल एका माणसानं गट विचारून घेतला, आशा लावली आणि मग म्हणाला, "ताई, घट उठल्यावर बघू." घट उठल्यावर! सगळ्यांचं एकच. मला वाटतं त्या घटातलं धान्य तेवढं उगवेल आणि माझी पोर जाईल.

काल मी वरच्या खणातला भंडारा काढला आणि तिच्या कपाळाला लावला. हसायचं तर हस. मी देवळापुढं नाक घासायला तयार आहे. बहिरा म्हणाले ते सगळ्या वाडीसमोर परत घेईन. तुझ्या देवाला एवढं सांग, की सोनीनं शरणागती पत्करली. आणि तू ये.

येणार नसलास तर तसा निरोप पाठव. म्हणजे मी रस्त्याकडं बघायचं सोडीन.

सोनी


सोलापूर
१० ऑक्टोबर २०२४

सौ. मथुरा वहिनींना,

ही चिठ्ठी तुम्हाला आहे, दादाला नाही. काल इथं काय झालं ते तो तुम्हाला सांगणार नाही. "पोरीला बघून आलो" एवढंच म्हणेल आणि घोटभर पाणी पिऊन गोठ्यात जाईल. तुम्ही त्याच्याबरोबर राहता, तुम्हाला कळायला पाहिजे.

सकाळी श्रीमंतच्या टेम्पोतून उतरला. अनवाणी, पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात आबांची काठी. रक्तपेढीच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांनी आपोआप वाट करून दिली. नऊ वर्षांनी भेटलो, आणि मला म्हणाला काय, तर "लई वाळलीस." मी म्हणाले, "तू कुठं फुगलायस." एवढंच झालं आमचं.

आत एक पोरगेलासा टेक्निशियन होता. तो म्हणाला, काका, बोट द्या, आधी तपासावं लागतं. दादानं त्याच्या हातातली बारीक सुई बघितली.

"लोखंड हाय का ह्ये?"

"स्टील आहे, काका."

"म्हंजे लोखंडच की."

मग त्यानं काठी भिंतीला टेकवली. कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. फेटा काढला. वहिनी, मोठा झाल्यावर मी त्याला उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं, केस विरळ झालेत त्याचे. आणि डोळे मिटून, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं, तो म्हणाला, "बिरोबा, आता उतर. म्या तुला बोलावलं न्हवतं, तू आपसूक आलतास. आता म्याच सांगतोय, उतर. हितं माजं काम हाय." त्या पोरानं सुई मागं घेतली होती. दादानंच हात पुढं केला. "टोच की रं. कुटवर थांबवतूस?"

टोचलं. दादा दचकला नाही. बोटावर लाल थेंब आला तेव्हा मात्र त्याकडं असा बघत राहिला, जणू दुसऱ्याचंच बोट आहे.

तिथं निळं पाणी असतं. त्यात थेंब टाकतात. बुडाला तर माणूस रक्त द्यायला चालतो, तरंगला तर नाही. दादाचा थेंब वरच तरंगत राहिला. त्या पोरानं दुसरा टाकला. तोही तसाच. मग मशीनवर तपासलं. गट तोच निघाला, वहिनी. ओ निगेटिव्ह. पण रक्त कमी. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी समजावून सांगितलं, की सृष्टीच्या आईत जो रोगाचा अर्धा वाटा आहे तो बहुधा दादाच्यातही आहे. दादाला त्यानं काही होत नाही, पण त्याचं रक्त घेता येत नाही.

दादाला समजलं नाही. म्हणजे समजलं, पण पटलं नाही. "घ्या की. माजं म्या बघतो. मेंढरांमागं दिसभर चालतोय म्या, मला काय हुतंय?" बाई नाही म्हणाल्या. हा परत तेच. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम लहान झाला. "बाई, म्या देव उतरवलाय," असं म्हणाला. बाईंना कळलं की नाही देव जाणे. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले.

तुम्हाला एक सांगते, आजवर कुणाला बोलले नाही. अर्धा वाटा त्याच्यातही असू शकतो हे मला कधीतरी सुचलं होतं. सख्खा भाऊ आहे, सुचणारच. मी ते दाबून टाकलं. बोलले असते तर तो आला नसता, आणि मला तो यायला हवा होता. पोर हातातून जायला लागली की माणूस असं वागतं.

नंतर तो सृष्टीपाशी बसला. ती म्हणाली, "मामा, दुखलं?" हा म्हणाला, "व्हय, लई." ती म्हणाली, "टोचताना दुसरीकडं बघायचं असतं. तुला कुणी सांगितलं नाही?" तो म्हणाला, "मला कोण सांगनार? म्या पयल्यांदाच." मग तिनं त्याचं बोट धरून फुंकर घातली. तेवढ्यानंही तिला धाप लागली. जाताना दादानं भंडाऱ्याची पिशवी माझ्याजवळच ठेवली. "आता माजं काय काम त्येचं," म्हणाला.

परवा दसरा आहे. ढोल वाजतील आणि त्याच्या अंगात काही येणार नाही. त्या वेळी तुम्ही जवळ असा. त्याला एकटं सोडू नका, एवढंच मागते.

सृष्टीचं काय होईल मला माहीत नाही. आज तिनं पाणीही नको म्हटलं.

सोनाली


सोलापूर
१६ ऑक्टोबर २०२४

सौ. वहिनी,

हे पहिलं पान मनातल्या मनात वाचा. दादा समोर बसला असेल तर त्याला म्हणा, अक्षर लागत नाही, थांबा जरा.

शुक्रवारी तुम्ही रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभ्या दिसलात तेव्हा मला वाटलं, भांडायला आलात. म्हटलं, भांडू दे, हक्क आहे त्यांचा. आणि तुम्ही आत वाकून म्हणालात, "माजं ओ निगेटिव हाय. माज्या शहाजीच्या टायमाला अकलूजला सांगितलंतं. बाळातपनानंतर त्येचीच सुई दिलती." तुम्ही आमच्या मामाच्या, आईच्या रक्ताच्या. आईचा गट मला ठाऊक होता, तुमचं माहेर मला ठाऊक होतं, आणि तुमचं नाव एकदाही माझ्या मनात आलं नाही. हात मागायचा तर तो भावाचाच, असंच डोक्यात बसलं होतं.

तुम्ही खाटेवर पडलात, पिशवी भरायला लागली, आणि तुम्ही छताकडं बघत बोलत होता ते मी विसरणार नाही. "त्या चिट्टीत गट आला तवाच कळलं मला. पर घट त्याच सकाळी बशिवला व्हता. म्हणलं नऊ दिसाचं तर हाय. घट उठला की गुपचूप यिऊन दिऊन जाऊ. त्यांस्नी सांगितलं असतं तर त्यांनी मला तवाच्या तवा धाडलं असतं, आन् घट मोडला असता. देव त्यांचा हाय, वन्सं. पर त्यो सांभाळायचा म्या." आणि मग, "त्ये सोता जातील आसं सपनातबी वाटलं न्हवतं. पोरीला बघाया चाललो म्हणलं व्हतं त्यांनी. तुमची चिट्टी वाचली आन् माज्या हातातला तांब्या पडला."

तुम्ही देव राखायला थांबलात आणि तेवढ्यात त्यानं देव उतरवला. तुम्ही बोलला असतात तर त्याच्या बोटाला सुई लागली नसती. मी माझा संशय बोलले असते तरी लागली नसती. दोघींनी तोंड मिटून ठेवलं आणि गेलं त्याचं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पिशवी भरत होती आणि मला तुमचा राग येत होता आणि तुमचे पायही धरावेसे वाटत होते. शेवटी घट उठायच्या आदल्या दिवशी, सुई टोचून घ्यायला, तुम्हीही आलातच की. तुमचाही मोडला. राग मग धरवला नाही.

तुम्ही त्याला अजून काही बोलला नाहीत असं श्रीमंत म्हणाला. बोलू नका. पुढं कधी, म्हातारपणी, सगळं निवल्यावर सांगावंसं वाटलं तर बघा. आत्ता त्याला एवढंच राहिलंय, की मी भाचीसाठी देव सोडला. ते फुकट होतं असं त्याला कळलं तर तो कशाला धरून उभा राहील? देवाच्या तोंडात शब्द घाल म्हणून मी त्याला सांगत होते, त्यानं ऐकलं नाही. आता मी तुमच्या तोंडात घालते. तुम्ही तरी ऐका.

आता पान उलटा आणि इथून मोठ्यानं वाचा. आवाज हलला तर खोकला आला म्हणा.


ती. दादा,

सृष्टीला रक्त मिळालं. शुक्रवारीच लागलं. कुणाचं ते रक्तपेढीवाले सांगत नसतात, तसा नियम आहे, तेव्हा विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शिट्टी वाजवली. शेजारच्या आजी कावल्या, आणि मी पहिल्यांदाच तिला गप्प बस म्हणाले नाही. ही पिशवी दिवाळीपर्यंत जाईल. मग परत शोधायचं आहेच. ते आम्ही शोधू.

दसऱ्याला काय झालं ते श्रीमंतनं सांगितलं. ढोल थांबले, भंडारा उधळला, सगळे तुझ्याकडं बघत होते आणि तू नुसता उभा होतास. मग म्हणालास, "देव उतरलाय. म्याच उतरवला. बोलतोय त्यो निस्ता अजिनाथ हाय." श्रीमंत म्हणाला, लोक खवळले. कुणी म्हणे थुंकला. निम्मी जत्रा उठून गेली. आणि जी बसून राहिली त्यांना तू म्हणालास, "माज्या बहिणीची पोर रक्तावाचून मराया लागलीया. अशी लई पोरं हायत तितं, म्या बघून आलो. ज्येला द्यावंसं वाटंल त्येनी द्या. देव सांगत न्हाय. म्या सांगतोय." त्यातले काहीजण नातेपुत्याला जाऊन रक्त द्यायला नाव देऊन आले म्हणे. मोजकेच. मला तेवढे पुष्कळ आहेत. ते देवाला भिऊन गेलेले नाहीत.

दादा, आता लोक तुझ्या पाया पडणार नाहीत. मेंढे येणार नाहीत. दारावरून जाताना कुणी मान फिरवेल. ह्या सगळ्याला कारण मी आहे, आणि माझ्याकडं त्याला उतारा नाही. ऋतुराजसाठी मी तुला नऊ वर्षं दोषी धरून ठेवलं होतं. ते आता सोडलं. तुला सांगावं म्हणून लिहिते.

सृष्टी रोज विचारते, मामाचं बोट बरं झालं का. मी म्हणाले, एवढ्याशा टोचण्याचं काय. तर म्हणते, "तुला काय माहीत, त्याचं पहिलंच होतं." तिनं तुझ्यासाठी एक हेल्मेट मागून ठेवलंय, त्या वाढदिवसाच्या शिबिरातलं उरलेलं. मेंढरांमागं घालून फिर.

भाऊबीजेला आम्ही वाडीला येतोय. उंबऱ्याचं तू म्हणशील तसं. नको म्हणालास तर मी अंगणात बसेन, तू बाहेर ये. ओवाळताना कपाळाला लावीनच, पण आधी त्या बोटाला कुंकू लावणार आहे, जिथं टोचलं तिथं. आणि वहिनींच्या हाताला. त्यांच्या का, म्हणून विचारशील. एवढ्या चिठ्ठ्या न गाळता वाचल्या त्यांनी, म्हणून.

तुझी,
सोनी